स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या स्नायूंतला फरक येतो कुठून

नमस्कार मंडळी. वेळ मोजकाच आहे म्हणून थेट विषयावर येते. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असतं, त्याचा एक डावा भाग आणि एक उजवा, आणि दोन्हीकडे जोडीजोडीने तेच स्नायू. दोन्हीकडच्या पेशींत डीएनए तोच, जीन्स त्याच. तरीही एकाच प्राण्याच्या डाव्या आणि उजव्या स्नायूतून तुकडा घेतला आणि कुठली जीन किती चालू आहे हे मोजलं तर दोन्ही याद्या जुळतीलच असं नाही, आणि घोड्यासारख्या प्राण्यात तर त्या चांगल्याच वेगळ्या निघू शकतात. हा फरक येतो कुठून, एवढंच आज बोलायचंय. माझं मत आत्ताच सांगून टाकते म्हणजे पुढे ऐकताना तुम्हाला ते तपासता येईल. ह्या फरकातला मोठा वाटा स्नायूचा स्वतःचा नसतोच, तो त्याच्याकडे येणाऱ्या नसेचा असतो, आणि नसेचा विचार न करता जीन्सची यादी वाचायला बसलं की यादी बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

आधी थोडी ओळख करून घेऊ. स्वरयंत्र म्हटलं की आपल्याला आवाज आठवतो, पण त्याचं जुनं आणि मुख्य काम श्वासनलिकेच्या तोंडाशी राखण करायचं आहे, गिळताना बंद व्हायचं, श्वास घेताना उघडायचं. बंद करणारे स्नायू बरेच आहेत. उघडणारी जोडी मात्र एकच. स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला, कड्याच्या आकाराच्या कूर्चेवर ती बसलेली असते, तिचं नाव पोस्टिरिअर क्रायकोॲरिटिनॉइड, एवढं लांब नाव दर वेळी घेत बसायला नको म्हणून आज तिला आपण नुसतं उघडणारा स्नायू म्हणू. हा स्नायू जन्मल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत प्रत्येक श्वासाला काम करतो, झोपेतसुद्धा. आणखी एक जोडी आहे, क्रायकोथायरॉइड, ती स्वरतंतू ताणून आवाज वर चढवते, तिचं नाव लक्षात ठेवा, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे.

आता नसा. मेंदूतून व्हेगस नावाची मोठी नस मानेतून खाली छातीकडे जाते. स्वरयंत्राच्या बहुतेक स्नायूंची नस हिच्याच पोटात असते, पण ती स्वरयंत्राशेजारून जाताना तिथे उतरत नाही, तशीच खाली निघून जाते. डावीकडची नस छातीत उतरते, हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा मानेत वर चढून स्वरयंत्रात येते. उजवीकडची एवढी खाली जात नाही, हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीखालूनच वळते. ह्या नसेला रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह म्हणतात. माणसात वळशापासून स्वरयंत्रापर्यंतचा डावा रस्ता उजव्याच्या जवळपास दुप्पट भरतो. जिराफात ही डावी नस चार मीटरच्या पुढे जाते, आणि डोक्यातून गळ्यापर्यंत सरळ यायचं तर अंतर किती, तर फुटभर.

असं का झालं ह्याचं उत्तर गर्भात आहे. अगदी सुरुवातीला मान नावाची गोष्टच नसते, हृदय आणि घसा शेजारी शेजारी, आणि ही नस धमन्यांच्या सहाव्या जोडीच्या मागून सरळ जाते. मग मान लांबते, हृदय खाली सरकतं, नस अडकलेली असल्यामुळे ओढली जाते. उजवीकडची सहावी धमनी पुढे विरून जाते, पाचवी तर धड टिकतच नाही, त्यामुळे उजवी नस सुटून चौथीला म्हणजे पुढे सबक्लेव्हियन होणाऱ्या धमनीला जाऊन अडकते. डावीकडे सहाव्या धमनीचा तुकडा जन्मापर्यंत टिकतो, तिथे नस खालीच राहते. म्हणजे बघा, डाव्या-उजव्याचा हा सगळा प्रकार मुळात रक्तवाहिन्यांचा आहे, गळ्यातल्या स्नायूंना कोणी विचारलेलंच नाही.

ही नस माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. दुसऱ्या शतकात गेलेन ह्या वैद्याने रोममध्ये लोकांसमोर ओरडणाऱ्या डुकराची ही नस कापून दाखवली होती, डुकराची धडपड चालूच राहिली आणि आवाज तेवढा बंद झाला. आवाज हृदयातून येतो असं मानणाऱ्यांना ते मोठंच उत्तर होतं.

घोड्याकडे येते, कारण डावं-उजवं हा प्रश्न घोड्याने जितका स्पष्ट मांडलाय तितका दुसऱ्या कोणी मांडलेला नाही. उंच घोड्यांमध्ये एक दुखणं सर्रास दिसतं. घोडा जोरात पळायला लागला की श्वास आत घेताना घरघर असा मोठा आवाज येतो आणि घोडा लवकर दमतो. एंडोस्कोप आत घातला तर दिसतं की उजवा स्वरतंतू पूर्ण उघडतोय आणि डावा अर्धवट उघडून थांबलाय, किंवा मधेच लोंबकळतोय आणि आत जाणाऱ्या हवेबरोबर ओढला जातोय. हे जवळजवळ नेहमी डावीकडेच. उंच घोड्यात मेंदूपासून स्वरयंत्रापर्यंत डाव्या नसेचा रस्ता अडीच मीटरपर्यंत जातो, आणि तो सगळा एकेका पेशीचा एकसलग धागा असतो.

असं स्वरयंत्र टेबलावर पालथं ठेवून बघण्यासारखं असतं. मागची पातळ झिल्ली सोडवली की मधोमध कूर्चेची उभी कड दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांना उघडणारा स्नायू, एक इकडे एक तिकडे. उजवा गडद लाल, फुगीर, बोटाला घट्ट लागतो. डावा फिकट, चपटा, मधून मधून पिवळसर पट्टे, फार पुढे गेलेल्या केसमध्ये इतका पातळ की बोटाखाली सरळ कूर्चाच जाणवते. काही मोजायच्या आधी, उपकरण हातात घ्यायच्या आधीच फरक डोळ्यांना दिसतो. आता त्याच दोन स्नायूंचे पातळ काप करून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. निरोगी स्नायूत हळू काम करणारे तंतू आणि झटपट काम करणारे तंतू एकमेकांत मिसळलेले असतात, गडद एक, फिकट एक, बुद्धिबळाच्या पटासारखं. दुखण्यातल्या डाव्या स्नायूत तसं नसतं, गडदांचा एक मोठा घोळका, फिकटांचा दुसरा घोळका, आणि आजूबाजूला वाळून टोकदार झालेले तंतू. ह्याचा अर्थ असा की काही नसा मेल्या, त्यांचे तंतू उघडे पडले, आणि शेजारच्या जिवंत नसांनी फांद्या काढून ते आपल्याकडे घेतले आणि आपल्याच जातीचे करून टाकले. हे घोळके म्हणजे एकदा नाही, पुन्हा पुन्हा नस जाण्याचा आणि परत येण्याचा इतिहास आहे.

आता जीन्सचं मोजमाप. जीन चालू असणं म्हणजे तिच्यावरून आरएनएच्या प्रती निघणं, आणि त्या प्रतींवरून प्रोटीन तयार होणं. आपण मोजतो त्या प्रती. आजकाल आरएनए सिक्वेन्सिंग करतात, सगळा आरएनए काढायचा, त्याचा डीएनए बनवायचा, लाखो छोटे तुकडे वाचायचे आणि प्रत्येक तुकडा कुठल्या जीनचा हे कॉम्प्युटरने लावायचं. सुमारे 20,000 प्रोटीनच्या जीन्स, प्रत्येकीपुढे एक आकडा, डावीकडचा आणि उजवीकडचा. ऐकायला सोपं आहे, पण खरी गोम सॅम्पल घेण्यात असते आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात म्हणून मी जरा जास्त बोलते.

आरएनए फार नाजूक. त्याला तोडणारे एन्झाइम पेशीत असतात, आपल्या हातावर असतात, सगळीकडे असतात. म्हणून तुकडा काढला की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशाला. आता समजा प्रत्येक प्राण्यात आधी डावा तुकडा काढला आणि मग सावकाश उजवा काढला, मधे वीस मिनिटं गेली, तर त्या वीस मिनिटांत उजव्या स्नायूत ऑक्सिजन कमी पडल्यावर जागं होणाऱ्या जीन्स वर गेल्या असणार, आणि आपण छापणार काय तर डाव्या-उजव्यातला फरक. उपाय साधा आहे, निम्म्या प्राण्यांत डावा आधी आणि निम्म्यांत उजवा आधी. दुसरी गोष्ट, हा उघडणारा स्नायू दिसायला एक असला तरी आत त्याचे कप्पे आहेत, घोड्यात आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा, दोघांना नसेची वेगळी फांदी जाते आणि दोघे कूर्चेला जरा वेगळ्या दिशेने ओढतात. डावीकडून आतला कप्पा घेतला आणि उजवीकडून बाहेरचा, तर निघालेला फरक कप्प्यांचा. हे सगळं फार बारीकसारीक वाटेल पण माझ्या मते ह्या विषयातली निम्मी भांडणं इथेच मिटतील.

आकडेमोडीतही एक सापळा आहे. 20,000 जीन्सची एकेक तुलना केली आणि पाच टक्के चुकीची सूट ठेवली, तर दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या असल्या तरी नुसत्या योगायोगाने 1000 च्या आसपास जीन्स वेगळ्या दिसतील. 1995 मध्ये बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी ह्यावर चांगला तोडगा काढला, यादीतल्या खोट्या नावांचं प्रमाणच ठरावीक मर्यादेत ठेवायचं, आणि आता तेच सगळीकडे वापरतात. डाव्या-उजव्याच्या अभ्यासाला एक मोठा फायदाही आहे, तो म्हणजे जोडी. दोन्ही तुकडे एकाच प्राण्याचे, त्यामुळे वय, लिंग, खाणं, आजारपण, आईवडिलांकडून आलेल्या जीन्स, सगळं आपोआप सारखं. फरक घ्यायचा तो प्राण्याच्या आतल्या आत. हा फायदा फुकट मिळतो, तरी काही जण सगळे डावे एका ढिगात आणि सगळे उजवे दुसऱ्या ढिगात टाकून तो घालवतात ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

बरं, एवढी काळजी घेतली आणि तरी फरक आला तर त्या यादीत शोधायचं काय? नस तुटल्यावर स्नायूत काय घडतं हे पायाच्या स्नायूंवर वर्षानुवर्षं बघितलेलं आहे, त्यामुळे खुणा माहीत आहेत. निरोगी स्नायूत नसेचा संदेश पकडणारे ॲसिटिलकोलीनचे रिसेप्टर जिथे नस टेकते तेवढ्याच जागी दाटीने बसलेले असतात. नस गेली की ते तंतूभर पसरतात, आणि शिवाय गर्भात असताना वापरायची त्यांची जुनी आवृत्ती पुन्हा बाहेर येते, तिचा गॅमा नावाचा भाग बनवणारी जीन मोठ्या वयात जवळपास गप्प असते ती पुन्हा बोलायला लागते. मायोजेनिन नावाची जीन चढते. आणि दोन जीन्स अशा आहेत ज्या स्नायू वाळायला लागला की ठळकपणे वर जातात, मर्फ-1 आणि ॲट्रोजिन-1, दोन्ही 2001 मध्ये ह्या संदर्भात पुढे आल्या. त्यांचं काम प्रोटीनवर 'हे मोडीत काढा' अशी खूण लावायचं. डाव्या स्नायूच्या यादीत ही मंडळी एकत्र वर दिसली तर तिथे डावेपणाचं काही रहस्य शोधत बसू नका, त्या स्नायूची नस जातेय एवढाच त्याचा अर्थ.

आणि त्यातही अजून एक पदर आहे. वाळलेल्या स्नायूचा तुकडा म्हणजे नुसता स्नायू नसतो. मघाशी पिवळसर पट्टे सांगितले ना, ती चरबी. तिच्याबरोबर तंतुमय ऊती, ती बनवणाऱ्या पेशी, साफसफाईला आलेल्या पेशी. सगळं एकत्र वाटून आरएनए काढला की कोलॅजेनच्या, म्हणजे तंतुमय ऊतीतल्या प्रोटीनच्या, जीन्स डावीकडे वाढलेल्या दिसणारच, चरबीच्या जीन्स वाढलेल्या दिसणारच, आणि स्नायूच्या जीन्स कमी. आता एका स्नायुपेशीने आपलं काम बदललं की तिथे स्नायुपेशीच कमी उरल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून आता एकेका पेशीकेंद्रातला आरएनए वेगवेगळा वाचतात. स्नायूचा अख्खा तंतू त्या यंत्रात मावत नाही, एवढा लांब असतो तो, म्हणून केंद्रकं सुटी करून वाचायची. जुन्या सरसकट मोजमापाच्या याद्या वाचताना हे डोक्यात ठेवा, त्या खोट्या नाहीत पण त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत.

आता माझ्या मताचा मुख्य आधार. स्नायू हळू की जलद हे ठरवणाऱ्या मायोसिनच्या, म्हणजे स्नायू आखडवणाऱ्या प्रोटीनच्या, जीन्स वेगवेगळ्या आहेत, हळूची वेगळी, जलदच्या दोन-तीन वेगळ्या, गर्भातली वेगळी, आणि माणसात ह्यातल्या सहा जीन्स सतराव्या क्रोमोसोमवर एका रांगेत बसलेल्या आहेत. कुठली चालू करायची हे कोण सांगतं? 1960 मध्ये बुलर आणि दोन एक्ल्स, म्हणजे जॉन आणि रोझमंड, यांनी मांजरांवर एक प्रयोग केला. हळू स्नायूची नस कापून जलद स्नायूला जोडली आणि जलदची हळूला. काही काळाने हळू स्नायू चटपटीत झाला आणि जलद मंदावला. स्नायू तेच, जागा तीच, बदललं ते फक्त कोणाचं ऐकायचं ते. मग 1969 मध्ये सॅल्मन्स आणि व्हर्बोव्हा यांनी दाखवलं की नसेची अदलाबदलसुद्धा लागत नाही, जलद स्नायूच्या नसेला दिवसेंदिवस मंद लयीत वीज देत राहिलं तरी तो हळू व्हायला लागतो. म्हणजे स्नायूच्या जीन्स नसेतून येणाऱ्या संदेशांची लय ओळखतात. मग ज्या दोन स्नायूंच्या नसांची लांबी, वाट आणि तब्येत वेगळी आहे, त्यांच्या याद्या हुबेहूब जुळल्या तरच आश्चर्य.

इथे एक रास्त शंका येते आणि ती मी टाळणार नाही. शरीरात जन्मजात डावं-उजवं तर असतंच की. गर्भात अगदी लवकर एका छोट्या खळग्यातले सूक्ष्म केस गोल फिरून द्रव डावीकडे ढकलतात, 1998 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदरात हे दाखवलं, आणि त्या प्रवाहामुळे डाव्या बाजूला नोडल नावाचा संदेश चालू होतो, त्याच्यामागून पिटएक्स-2 ही जीन, आणि मग हृदय डावीकडे वळतं, यकृत उजवीकडे जातं. तर ह्याचा थोडा ठसा गळ्यातल्या स्नायूंवरही राहिला असेल की नाही? शंका योग्य आहे आणि म्हणूनच ती तपासायची पद्धत ठरवून घ्यायला हवी. जन्मजात फरक असेल तर तो नसेचं दुखणं सुरू व्हायच्या आधी, म्हणजे गर्भात किंवा नवजात पिल्लात दिसायला हवा. आणि दुसरं, दोन्हीकडच्या नसा एकाच उंचीवर, एकाच वेळी कापल्या आणि तरीही डावी-उजवी वेगळी वागली, तर ते स्नायूचं स्वतःचं. ह्या दोन परीक्षांतून जी जीन पास होईल तिला मी डावी जीन म्हणायला तयार आहे. पक्ष्यांत डाव्या-उजव्याचं फार सुंदर उदाहरण आहे, कॅनरीचं. पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र खाली, श्वासनलिका दुभंगते तिथे असतं. नॉटेबोम यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की कॅनरीची डावी नस कापली तर गाण्यातले बहुतेक सूर जातात आणि उजवी कापली तर थोडेच. डावीकडचे स्नायूही वजनाला जास्त भरतात. पण तिथेही स्नायू आणि नस एकत्रच वेगळे आहेत, नुसता स्नायू नाही.

लांबीबद्दल थोडं, कारण बहुतेक लोक 'नस लांब म्हणून जाते' एवढ्यावर थांबतात. लांबीचा त्रास खरा आहे. नसेच्या पेशीचं शरीर वर मेंदूपाशी आणि सगळा माल तिथे बनतो. वेगाने जाणारा माल दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे अडीच मीटरला सहा-सात दिवस. पण पेशीच्या आतल्या सांगाड्याचं सामान हळू जातं, दिवसाला एक-दोन मिलिमीटर, आणि दोनने धरलं तरी टोकाला पोचायला साडेतीन वर्षांच्या आसपास लागतात. टोक आधी सुकतं ह्यात नवल नाही, आणि घोड्यात नस टोकाकडूनच सुकते. उंचीशी संबंधित एलकॉर्ल ह्या जीनच्या भागाशी थरोब्रेड ह्या शर्यतीच्या घोड्यांत ह्या दुखण्याचा धागा जुळतो तोही ह्यात बसतो. पण नुसती लांबी पुरत नाही. घोड्याच्या मागच्या पायाच्या नसाही चांगल्या लांब असतात, त्या ह्या दुखण्यात सहसा ठणठणीत राहतात. आणि स्वरयंत्रातच बघा, बंद करणारे स्नायू उघडणाऱ्याच्या आधी आणि जास्त वाळतात, जरी सगळ्यांची नस एकच आणि लांबीतला फरक किरकोळ. म्हणून स्नायूच्या बाजूनेही काही बोलणं होत असणार, कारण स्नायू नसेला जगवणारी द्रव्यं पाठवतो, आणि ती जीन्सच्या यादीत शोधायची जागा मला फार आशेची वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उजवी बाजू. लोक सहज म्हणतात, डावी आजारी, उजवी निरोगी, उजवीला शून्य धरा आणि डावीचा फरक मोजा. पण घोड्यात ह्या दुखण्यात उजवी नसही तपासली तर तिथेही थोडी झीज सापडते, दुखणं दोन्हीकडचं आहे, डावीकडे ते फक्त ठळक आहे. शिवाय डावी कमी पडली की उजवीला जास्त काम. म्हणजे तुमचं शून्यच सरकलेलं. मग शून्य आणायचं कुठून? एक, एंडोस्कोपीत दोन्ही बाजू नीट चालणाऱ्या प्राण्यांतून. दोन, आणि हे मला फार आवडतं, त्याच प्राण्याच्या क्रायकोथायरॉइड स्नायूतून. सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना. तोही स्वरयंत्राचाच, पण त्याची नस वेगळी, ती व्हेगसपासून मानेत वरच फुटते आणि छातीत उतरतच नाही. तिथेही डावं-उजवं मोजायचं. उघडणाऱ्या स्नायूत फरक आहे आणि क्रायकोथायरॉइडमध्ये नाही, तर तो फरक लांब वाटेच्या नसेचा. दोन्ही स्नायूंत सारखाच फरक आहे, तर तो अख्ख्या डाव्या बाजूचा. चार तुकडे, एक प्राणी, आणि प्रश्नाचा बराच गुंता सुटतो.

माणसात हे कशाला हवं असं कोणी विचारेल. माणसातही एका बाजूचा स्वरतंतू बंद पडण्याचे प्रकार डावीकडे जास्त, कारण डावी नस छातीतून फिरून येते आणि वाटेत फुप्फुसातली गाठ, मोठी झालेली महाधमनी, काहीही तिच्यावर दाबू शकतं. हृदयाच्या आजाराने आवाज बसतो हे ऑर्टनर यांनी 1897 मध्येच नोंदवलंय. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये दोन्ही नसांना धोका असतो. नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे कमानीजवळ इजा झाली तर बारा सेंटिमीटरला चार महिने, आणि तेवढा वेळ स्नायूने तग धरायला हवा. आणि वाढून आली तरी उघडणारे आणि बंद करणारे धागे एकाच नसेत असल्यामुळे ते चुकीच्या स्नायूत शिरतात, दोन्ही स्नायू एकदम ओढतात आणि स्वरतंतू जागचा हलत नाही. बाहेरून बघितलं तर तो स्वरतंतू मेलेलाच दिसतो. पण आत स्नायू नस जाऊन पूर्ण उघडा पडलेला आणि चुकीच्या नसेने भरलेला ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जीन्सची यादी त्यांना वेगळं सांगू शकते. पहिल्यात गर्भातला रिसेप्टर बोलतोय, दुसऱ्यात तो पुन्हा गप्प झालाय. मानेतली दुसरी नस आणून जोडायची ऑपरेशनं माणसात होतात, घोड्यातही होतात, आणि जोडलेली नस स्नायूने स्वीकारली की नाही हे ह्याच खुणांवरून कळायला हवं.

माझं बोलून झालं, दोन-तीन प्रश्न घेते.

प्रश्न आलाय की मॅडम, माणसाच्या स्वरतंतूचा असा तुकडा घेता येईल का. जिवंत, चालत्या स्वरयंत्रातून सहज घेता येत नाही, हे स्नायू काही मिलिमीटर जाडीचे असतात आणि तुकडा काढला तर आवाजावर परिणाम होऊ शकतो. म्हणून डॉक्टर बारीक सुईने स्नायूतली वीज मोजतात, लॅरिंजियल ईएमजी म्हणतात त्याला, आणि तुकडा मिळतो तो ज्यांचं स्वरयंत्र आजारामुळे काढावंच लागतं त्यांचा, किंवा मरणोत्तर.

दुसरा प्रश्न, डावी नस लांब असताना आपले दोन्ही स्वरतंतू एकदम कसे हलतात. डावीकडचा संदेश काही मिलिसेकंद उशिरा पोचतो, ऑपरेशनच्या वेळी व्हेगसला हलकी वीज देऊन मॉनिटरवर बघितलं तर हा उशीर सरळ मोजता येतो. पण उघडायला आणि मिटायला लागणारा वेळ त्याच्यापेक्षा बराच मोठा असतो, आणि एकदा मिटल्यावर तंतूंची थरथर हवेच्या जोरावर चालते, प्रत्येक कंपनाला नसेचा वेगळा हुकूम लागत नाही, त्यामुळे तो उशीर आपल्या कानावर येत नाही.

शेवटचा प्रश्न फार चांगला आहे, डावखुऱ्या माणसांत हे उलटं असतं का. नाही. हाताचा आणि ह्या नसेचा संबंध नाही, डावखुऱ्या माणसाचीही महाधमनीची कमान डावीकडेच असते आणि लांब वळसाही डावीकडेच. उलटं होतं ते ज्यांचे छाती-पोटातले सगळेच अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात त्यांच्यात, पण तिथे गर्भातला तो नोडलचा संदेश आणि नस दोन्ही एकदमच उलटे झालेले, त्यामुळे आपला प्रश्न सुटत नाही. त्यापेक्षा काही थोड्या लोकांत बाकी अवयव जागच्या जागी असतात आणि फक्त महाधमनीची कमान उजवीकडे असते, ते बघा. तिथे उजवी नस कमानीखालून वळते. मरणोत्तर अशी स्वरयंत्रं तपासायला मिळाली आणि दोन्हीकडच्या चारही स्नायूंतला आरएनए मोजला, तर जो फरक नसेबरोबर बाजू बदलतो तो नसेचा आणि जो डावीकडेच राहतो तो स्नायूचा, हे एका तक्त्यात समोर येईल.